एलिझाबेथबाईंचं फक्त लग्नच का छापता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हॅलेंटाइनच्या आदल्या रविवारी तुमच्या पुरवणीत अजरामर प्रेमकथांचं पान आलं होतं, त्यात एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग या इंग्लिश कवयित्रीवर अर्धं पान होतं, ते वाचलं तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय. लेखात चुकीचं काहीच नाही हो. आजारी मुलगी, कडक बाप, चोरून लग्न, कुत्र्याला घेऊन इटलीला पळून जाणं, झालंय सगळं तसंच. पण अर्धं पान वाचून संपलं तरी बाईंनी आयुष्यभर लिहिलं काय ते कळत नाही. ते एक 'मी तुझ्यावर किती परीनं प्रेम करते, मोजू दे मला' सोडून, आणि ते तर आता लग्नपत्रिकेवरसुद्धा येतं. आमच्याच नात्यात एकानं छापलं होतं, आणि त्याच्या बरोब्बर खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'!

मी सहकारनगरला कॉलेजच्या मुलामुलींच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते, त्यामुळे हा प्रकार दरवर्षी बघते. व्हिक्टोरियन काळ, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं इंग्लंड, म्हटलं की पुरुष कवींच्या कविता पाठ असतात आणि बायकांची फक्त चरित्रं. कोणाला क्षय, कोणाचं लग्न मोडलं, कोण पळून गेली. म्हणून म्हटलं या बाईंबद्दल तरी एकदा सविस्तर लिहावं, तुम्ही छापा किंवा नका छापू.

प्रेमकथा आधी उरकून टाकते म्हणजे कोणी म्हणायला नको की हिला रोमान्सचं वावडं आहे. एलिझाबेथ जन्मल्या १८०६ साली ६ मार्चला, बारा भावंडांत थोरल्या. पंधराव्या वर्षाच्या आसपास आजारपण मागे लागलं ते कायमचं, त्यावर डॉक्टरांनी दिलेली अफू तीही कायमची. १८४५ च्या जानेवारीत रॉबर्ट ब्राउनिंग या वयानं सहा वर्षं लहान आणि तेव्हा बाईंपेक्षा कमी नावाजलेल्या कवीचं पत्र आलं, की मला तुमच्या कविता मनापासून आवडतात. (लक्षात घ्या, कविता आधी आवडल्या, हे आपण विसरतो.) पुढे दोघांनी मिळून ५७४ पत्रं लिहिली, १२ सप्टेंबर १८४६ ला लंडनमधल्या मॅरिलबोनच्या चर्चमध्ये गुपचूप लग्न केलं, बाई परत बापाच्या घरी येऊन काही झालंच नाही अशा राहिल्या, आणि आठवड्यानं मोलकरीण विल्सन आणि फ्लश नावाचा कुत्रा यांना घेऊन नवऱ्याबरोबर निघाल्या. बापानं त्यांचं नाव टाकलं ते टाकलंच, लेकीची पत्रं न फोडता परत पाठवली. झालं. इतकंच आहे ते.

आता माझा प्रश्न असा, की इतकी गाजलेली ही प्रेयसी पळून गेल्यावर, इटलीत पिसा गावी संसार मांडल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत काय लिहीत होती? चांदण्यावर कविता? नाही. डिसेंबर १८४६ मध्ये बाईंनी एक लांबलचक कविता लिहून अमेरिकेत बॉस्टनला पाठवली, तिथल्या गुलामगिरीविरोधी मंडळींच्या 'लिबर्टी बेल' या वार्षिकासाठी. 'द रनअवे स्लेव्ह ॲट पिलग्रिम्स पॉइंट' तिचं नाव. बोलणारी आहे एक पळून आलेली काळी गुलाम बाई. तिचं एका गुलामावर प्रेम असतं, त्याला मालक फरफटत नेतात. मग मालक तिच्यावर बलात्कार करतात. तिला मूल होतं ते गोरं, आणि त्या इवल्याशा चेहऱ्यात तिला मालकाची नजर दिसते, ती सहन होत नाही, ती आपल्याच शालीनं त्याला गुदमरवून मारते. आणि हे सगळं ती कुठे उभी राहून सांगते, तर अमेरिकेत स्वातंत्र्य शोधत आलेले पहिले गोरे लोक जिथे उतरले त्याच खडकावर, आणि त्यांचेच वंशज तिला पकडायला भोवती जमलेत. बाईंनी स्वतः पत्रात लिहिलंय की ही कविता अमेरिकन लोकांना छापायला बहुधा फारच जहाल वाटेल. त्यांनी छापली. आज पावणेदोनशे वर्षं उलटली तरी वर्गात वाचून दाखवताना माझा आवाज जातो, मुलं मोबाईल खाली ठेवतात. हनिमूनची कविता ही आहे! यावर तुमच्या अर्ध्या पानात एक ओळ नव्हती.

आणि बाईंनी हा विषय कुठून उचलला तर आपल्याच घरातून. बॅरेट घराण्याची श्रीमंती म्हणजे जमैकातले उसाचे मळे आणि त्या मळ्यांवर राबणारे गुलाम. हेरफर्डशायरमध्ये होप एंड नावाचा वाडा होता, घराला चक्क मिनार, तिथे ही मुलगी भावाच्या मास्तरांकडून ग्रीक-लॅटिन शिकली, १८२० साली चौदाव्या वर्षी तिचं मॅरेथॉनच्या लढाईवरचं काव्य बापानं कौतुकानं ५० प्रती छापून घेतलं, ते सगळं साखरेच्या पैशावर. मग कोर्टकज्जे, मळ्यांचा तोटा, आणि १८३२ मध्ये वाडा विकावा लागला. पुढच्याच वर्षी इंग्रज पार्लमेंटनं साम्राज्यातली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, त्यात घराचं आणखी नुकसान, आणि ही थोरली लेक मैत्रिणीला काय लिहिते तर ते लोक सुटले याचा मला आनंद आहे. पुढे १८५५ मध्ये रस्किन या बड्या इंग्लिश समीक्षकाला लिहिलेल्या पत्रात तर सरळ म्हणाल्या की मी वेस्ट इंडीजच्या गुलाममालकांच्या कुळातली, शापांवर माझा विश्वास असता तर मला भीती वाटली असती. घराण्याबद्दल असं लिहायला काय लागतं ते पुण्यात वेगळं सांगायला नको, इथे आडनावं आणि वाडे यांच्या गोष्टी सांगताना आपण कुठल्या चुलीवर काय शिजत होतं तेवढं सोयीस्कर गाळतो.

अर्थात त्या पैशातून बाई पूर्ण सुटल्या असंही नाही. काकांनी आणि आजीनं ठेवलेल्या पैशांवरच त्यांचा इटलीतला संसार बराचसा चालला आणि तेही पैसे त्याच व्यापारातले होते. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मला त्यांना देवी बनवायचं नाहीये.

मुलांवरच्या कवितेबद्दल आता. १८४३ चा ऑगस्ट, लग्नाच्या तीन वर्षं आधी. बाई लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर ५० नंबरच्या घरात एका बंद खोलीत पडून, तीन वर्षांपूर्वी टॉर्कीला लाडका भाऊ होडी बुडून गेला त्या धक्क्यातून अजून न सावरलेल्या. त्यांचे एक पत्रमित्र होते हॉर्न नावाचे लेखक, ते सरकारी चौकशीच्या कामावर होते, खाणी आणि कारखान्यांत कामाला लावलेल्या मुलांची चौकशी. लहान पोरं अंधारात कोळशाच्या गाड्या ओढताहेत अशी चित्रंसुद्धा त्या चौकशीच्या अहवालात होती. ते रिपोर्ट वाचून बाईंनी 'द क्राय ऑफ द चिल्ड्रन' लिहिली आणि ती 'ब्लॅकवुड्स मॅगझिन' या बड्या मासिकात आली. त्यात ॲलिस नावाची छोटी मुलगी मेलीये आणि बाकीची मुलं म्हणतात बरं झालं, वेळेआधी मरता आलं तर चांगलंच की, तिला आता कोणी 'ऊठ, उजाडलं' म्हणून उठवणार नाही. त्यांना कोणी म्हणतं रानात जा, फुलं तोडा, तर मुलं म्हणतात आम्हाला पळवतच नाही, आम्ही गवतावर गेलो तरी नुसते आडवे पडून झोपू. दिवसभर चाकं फिरतात, चाकांबरोबर डोकं फिरतं, भिंती फिरतात, खिडकीतलं आभाळ फिरतं. प्रार्थना म्हणाल तर त्यांना 'आमच्या बापा' एवढे दोनच शब्द येतात. आणि शेवट असा की रागावलेल्या ताकदवान माणसापेक्षा शांततेतला मुलाचा हुंदका जास्त खोल शाप देतो. यमकं ओबडधोबड आहेत म्हणून तेव्हाच्या टीकाकारांनी नाकं मुरडली. मुरडोत. कवितेनं कायदा झाला वगैरे मी म्हणणार नाही, खाणीत दहा वर्षांखालच्या मुलग्यांना आणि सगळ्या बायकामुलींना उतरवायला बंदी १८४२ मध्येच झाली होती, गिरण्यांतला दहा तासांचा कायदा १८४७ चा. पण ज्यांनी रिपोर्ट कधी हातात धरला नसता त्यांच्या दिवाणखान्यात बाईंनी ती मुलं नेऊन उभी केली.

आता पुण्यात या. याच वर्षांत इथे काय चाललं होतं? १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा, आणि १८५४ मध्ये तिथे शिकवणाऱ्या तेवीस वर्षांच्या सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह. म्हणजे व्हिक्टोरियन काळातली कवयित्री म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लेसची कॉलर घातलेली गोरी बाई येते, पण व्हिक्टोरिया राणीच्याच काळात गंज पेठेत एक नऊवारीतली होतीच की. या दोघींनी एकमेकींचं नावही ऐकलं असण्याचं कारण नाही, आणि ओढूनताणून साम्य दाखवायची मला हौस नाही, एक सोफ्यावर पडून लिहिणारी श्रीमंताघरची आणि दुसरी अंगावर शेण झेलत शाळेत जाणारी, फरक डोंगराएवढा आहे. पण 'काव्यफुले'मध्ये पिवळा चाफा आहे, जाईचं फूल आहे आणि त्याच पुस्तकात शूद्रांचं दुखणंही आहे, ते तिथे कोणाला विजोड वाटलं नाही. इंग्लिश बाईंचं मात्र आपण फुलंफुलं वेचून घेतली आणि दुखणं टाकून दिलं.

पत्रांचंच बघा. ब्राउनिंग जोडप्याची ५७४ पत्रं जगप्रसिद्ध आहेत, ठीक आहे, वाचनीय आहेतच. सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आपल्याकडे आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ ची. 'सत्यरूप जोतीबा' अशी सुरुवात आणि मग काय, तर भावाशी झालेला वाद, दुष्काळातली माणसं, आणि १८६८ च्या पत्रात ते गणेश आणि सार्जाचं प्रकरण. पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण पोरगा, महाराची पोर, ती गरोदर, गाव दोघांना मारायला निघालेलं आणि सावित्रीबाई मध्ये पडून, कायद्याची भीती घालून त्यांना वाचवतात आणि जोतीरावांकडे पाठवून देतात. प्रेमाचा एक शब्द नाही त्या पत्रात आणि मला तरी त्याहून मोठं प्रेमपत्र माहीत नाही. व्हॅलेंटाइनच्या पानाला हे का चालत नाही? आणि गुलामगिरीचा विषय पुण्याला परका होता असंही समजू नका, जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांनाच. म्हणजे ज्या चळवळीच्या वार्षिकात बाईंची कविता आली, तिच्याबद्दल इथे पुण्यात कोणीतरी आदरानं लिहीत होतं.

'ऑरोरा ली'बद्दल लिहिल्याशिवाय पत्र संपवता येत नाही, जरा धीर धरा. १८५६ च्या अखेरीस आलेली ही पद्य कादंबरी, नऊ सर्ग, अकरा हजारांच्या आसपास ओळी. नायिका ऑरोरा कवयित्री आहे. रॉम्नी नावाचा समाजसेवेचं वेड असलेला चुलतभाऊ तिला लग्नाची मागणी घालतो आणि वर सांगतो की बायकांच्यानं खरी कविता होत नाही, त्यापेक्षा माझ्या कामात हातभार लाव. ती नाही म्हणते, लंडनमध्ये जिने चढून खोलीत राहते, पोटासाठी मासिकांत लिहिते आणि रात्री आपली कविता. दुसरी बाई मॅरियन अर्ल, शिवणकाम करणारी गरीब मुलगी. तिला फसवून फ्रान्सला नेतात, वेश्यागृहात टाकतात, बलात्कारातून मूल होतं. ऑरोरा तिला आणि बाळाला आपल्याबरोबर फ्लॉरेन्सला नेते. पुढे रॉम्नी मॅरियनशी लग्न करून तिला 'नाव' द्यायला तयार होतो, आणि इथे बाईंनी कमाल केलीये, मॅरियन त्याला नको म्हणते. माझं मूल आहे, मला पुरे. १८५६ मध्ये हे! त्याच वर्षी आपल्याकडे विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला, आणि सात वर्षांनी पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवलेल्या विधवांनी यावं, बाळंत व्हावं, मूल मारू नये म्हणून. लंडनमधले सभ्य लोक 'असल्या' विषयावर एका बाईनं लिहिलं म्हणून तोंडावर रुमाल धरत होते. रस्किन मात्र म्हणाले, या शतकात कुठल्याही भाषेत झालेलं सगळ्यात मोठं काव्य.

ज्या वर्षी हे लिहून झालं त्याच वर्षी लग्न झालेल्या बाईचा पैसा तिचाच राहावा म्हणून पार्लमेंटकडे अर्ज गेला, त्यावर बाईंची सही आहे. तेव्हा इंग्लंडात बायकोची कमाई कायद्यानं नवऱ्याची असायची, पहिला कायदा यायला १८७० उजाडलं.

आणि या सगळ्याची किंमत त्यांनी मोजली हेही सांगायला हवं. १८५० मध्ये वर्ड्सवर्थ गेल्यावर राजकवी म्हणून एका बड्या साप्ताहिकानं बाईंचं नाव सुचवलं होतं, मिळालं टेनिसनना. १८६० मध्ये 'पोएम्स बिफोर काँग्रेस' आलं, इटलीच्या स्वातंत्र्यावर. त्यात एक कविता आहे राष्ट्राला शाप देणारी. देवदूत म्हणतो लिही, बाई म्हणतात पुरुषाला सांग की, तो म्हणतो बाईच्या अंतरातून आलेला शाप जास्त खारट, जास्त कडू आणि जास्त चांगला असतो. हा शाप अमेरिकेला होता गुलामगिरीपायी, पण लंडनच्या टीकाकारांनी तो आपल्यावरच ओढून घेतला आणि ज्या 'ब्लॅकवुड्स'नं मुलांची कविता छापली होती त्याच मासिकानं लिहिलं की बायकांनी राजकारणात लुडबुड करू नये, समाजाचं स्वास्थ्य बिघडतं. दुसऱ्याच वर्षी थॅकरेसारख्या नामवंत कादंबरीकार-संपादकानं एक कविता परत पाठवली, वाचकांना अश्लील वाटेल म्हणून, त्यात फक्त एक विवाहित बाई लगट करणाऱ्या पुरुषाला त्याचीच भाषा ऐकवते. बाईंनी उत्तर दिलं की सडलेल्या समाजाला दारंखिडक्या बंद करून नाही, हवा आणि उजेड देऊनच बरं करता येईल, आणि सोबत दुसरी कविता पाठवून दिली. काय भांडण आहे! त्याच वर्षी, २९ जून १८६१ ला, फ्लॉरेन्समध्ये गेल्या.

दोष? आहेत ना. प्लँचेट आणि मृतात्म्यांच्या बैठकींचं त्यांना भयंकर वेड होतं, रॉबर्टला त्याचा तिटकारा, घरात यावरून वाद. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यावर आंधळी भक्ती. 'ऑरोरा ली'मध्ये लग्नाला झोपडपट्टीतले लोक चर्चमध्ये येतात तो प्रसंग तर मला वाचवत नाही, गरिबांचं वर्णन घाण आणि साप असंच केलंय. आणि ती विल्सन, जिच्याशिवाय पळून जाणं जमलंच नसतं, तिला पुढे स्वतःचं बाळ इंग्लंडात बहिणीकडे ठेवून फ्लॉरेन्सला परत यावं लागलं. मुलांच्या रडण्यावर लिहिणाऱ्या बाईंच्या घरात हे घडलं. मला हे वाचून राग आला, मग आमच्याकडे सकाळी येणाऱ्या मावशींचं पोर त्या वेळात कुठे असतं हे मी कधी विचारलंय का हेही आठवून पाहिलं.

मग हे सगळं गेलं कुठे? माझ्या मते बराचसा दोष १९३० मध्ये लंडनला गाजलेल्या 'द बॅरेट्स ऑफ विम्पोल स्ट्रीट' या नाटकाचा. सोफ्यावरची आजारी नायिका, राक्षस बाप, तडफदार नायक. त्यावर सिनेमेही निघाले आणि बाई कायमच्या सोफ्यावर बसल्या. १९३० च्याच दशकात व्हर्जिनिया वूल्फ या इंग्लिश लेखिकेनी तक्रार केली होती की या जोडप्याची गोष्ट सगळ्यांना माहीत, कविता कोणी वाचत नाही, साहित्याच्या वाड्यात बाईंना खाली नोकरांच्या खोल्यांत जागा दिलीये. आता परदेशी विद्यापीठांत पुन्हा वाचतात, फ्लॉरेन्सचं त्यांचं कासा ग्वीदी हे घर तर जपून ठेवलंय, तिथे भाडं भरून सुट्टीला राहतासुद्धा येतं. आपण भिडे वाडा पडेपर्यंत कोर्टात भांडत बसलो आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडून आता स्मारकाची वाट बघतोय, त्यावर वेगळं पत्र लिहीन.

तर मागणी एवढीच की येत्या ६ मार्चला बाईंचा वाढदिवस आहे आणि १० मार्चला सावित्रीबाईंची पुण्यतिथी, मधल्या ८ तारखेला तुम्ही महिला दिनाची गुलाबी पुरवणी काढताच, साड्यांच्या सेलच्या जाहिराती घेऊन. त्यात एक पान द्या. एका बाजूला 'काव्यफुले'मधली एक कविता आणि दुसऱ्या बाजूला मुलांच्या रडण्याच्या कवितेतली चार कडवी, चांगल्या कवीकडून मराठी करून घेऊन. दोन्हींचे कॉपीराइट कधीच संपलेत, कोणाची परवानगी नको, मानधन फक्त अनुवादकाला द्यायचं, आणि ते मात्र वेळेवर द्या.

कळावे,
एक वाचक
सहकारनगर, पुणे